मनोऱ्याचं दार कुठे उघडतं

माझं काम इमारतींच्या बाहेरच्या अंगाचं. कर्टन वॉल म्हणतात ती: काच, ॲल्युमिनियमच्या चौकटी, त्या चौकटी स्लॅबला धरून ठेवणारे ब्रॅकेट, सांध्यांमधलं सिलिकॉन. डोंबिवलीत वाढले, मुंबईत शिकले आणि आता बरीच वर्षं चीनमध्ये शेनझेनला राहते. दिवसभर अडीचशे-तीनशे मीटर उंचीवरच्या वाऱ्याच्या दाबाचे आकडे तपासते आणि संध्याकाळी पायी घरी जाते. शेनझेनबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते एकतर हुआचियांगबेईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराचं असतं, नाहीतर टॉवरच्या उंचीचं. त्या टॉवरच्या पायथ्याशी माणसं कशी चालतात हे कुणी लिहीत नाही, आणि मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

उंचीचं आधी सांगते, कारण तिच्याशिवाय हे शहर कळणार नाही. १९८० साली इथे विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर झालं तेव्हा या भागाची वस्ती तीन लाखांच्या आसपास होती. २०२० च्या जनगणनेत ती पावणेदोन कोटींवर गेली. या वेगाची पहिली खूण म्हणजे ग्वोमाव इमारत. ५३ मजले, १६० मीटर, १९८५ मध्ये पूर्ण. आज ती आजूबाजूच्या गर्दीत पटकन सापडतही नाही, पण तिचं बांधकाम ‘तीन दिवसांत एक मजला’ या वेगासाठी देशभर गाजलं. त्यामागे स्लिपफॉर्म होता. नेहमीच्या पद्धतीत एका मजल्याचं शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, खोलायचं, वर न्यायचं, पुन्हा बांधायचं. स्लिपफॉर्ममध्ये शटरिंगचा सगळा साचाच हायड्रॉलिक जॅकवर हळूहळू वर सरकत राहतो आणि काँक्रीट खालून आपल्या पायावर उभं राहत जातं. सरकवायची वेळ चुकली तर ओलं काँक्रीट साच्याला चिकटून फाटतं. ग्वोमाववरही सुरुवातीचे प्रयत्न फसले होते, नंतर मात्र गणित जमलं. १९९२ च्या जानेवारीत चीनचे नेते तंग श्याओफिंग (डेंग झियाओपिंग) दक्षिण दौऱ्यावर आले, तेव्हा याच इमारतीच्या वरच्या फिरत्या उपाहारगृहातून त्यांनी शहर पाहिलं.

मग १९९६ मध्ये दिवांग आली, ३८४ मीटर. २०११ मध्ये केके १००, जवळपास ४४२ मीटर. ती छायवुवेई नावाच्या जुन्या गावाच्या जागेवर उभी आहे. आणि २०१७ मध्ये फुतियान भागात पिंग आन, ५९९ मीटर. आठ महास्तंभ पायापासून वर जातात आणि बाहेरून स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या. हे स्टील ३१६ एल जातीचं आहे, समुद्राची खारी हवा सोसणारं. अशा कामात असलेल्या कुणालाही ती इमारत जवळून बघताना भरून येईल. सांधे किती स्वच्छ आहेत! मी आजही तिथून जाताना हात लावून बघते.

पण मी तिच्याकडे आणखी एका कारणासाठी बघते. ती थेट फुटपाथच्या कडेला उभी आहे. समोर रस्ता ओलांडला की कोको पार्क मॉल, खाली मेट्रो, थोडं पुढे गेलं की सावलीचा छोटा बगीचा आणि त्याभोवती डझनभर मनोरे. फुतियानच्या या भागाचा नकाशा १९९८ मध्ये एका अमेरिकन वास्तुसंस्थेने, एसओएमने, नव्याने आखून दिला होता. आधीचे भूखंड मोठे होते. प्रत्येकाने आपल्या जागेच्या मधोमध टॉवर बांधायचा आणि भोवती हिरवळीचा तुकडा सोडायचा, अशी रीत होती. नव्या नकाशात भूखंड लहान केले, मधून जास्त रस्ते काढले, विखुरलेली हिरवळ गोळा करून तिचे दोन बगीचे केले, आणि इमारतींना सांगितलं की रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहा, तळमजल्याला वाड्याच्या ओसरीसारखा झाकलेला पदपथ ठेवा. सगळं काही कागदावरच्यासारखं झालं नाही. तरी जूनच्या पावसात मी तिथून जवळजवळ कोरडी चालत जाते, आणि दर दोन-तीन मिनिटांनी एक कोपरा येतो जिथे वाट बदलता येते.

म्हणून उंच इमारतींनी चालणं मारलं, असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. उंचीने मारलेलं नाही. शंभर मजल्यांचे मनोरे एकमेकांना चिकटून असले तर तेवढीच माणसं खाली येऊन फुटपाथ जिवंत ठेवतात. मारतो तो एकेका भूखंडाचा आकार आणि त्यांच्यामधल्या रस्त्याची रुंदी.

याचा पुरावा तिथून चालत थोड्याच वेळात मिळतो. दक्षिणेला कन्व्हेन्शन सेंटर आहे, २००४ मध्ये उघडलेलं, अर्धा किलोमीटरहून लांब, एकच इमारत. प्रदर्शन नसेल त्या दिवशी तिच्या कडेने चालताना एक दार, एक दुकान, एक बाक लागत नाही. तिच्या पाठीमागे बिनह रस्ता. तो शहरातला द्रुतगती मार्ग आहे. कुंपण, मधले दुभाजक, वर-खाली जाणारे रॅम्प. आणि त्याच्या पलीकडे दिसतात हुआंगगांग आणि शुइवेई ही जुनी गावं, जिथे जेवण आहे, भाजी आहे, घरं आहेत.

आई गेल्या हिवाळ्यात आली होती. तिचे गुडघे दुखतात, पण तिला गाडीत बसायला आवडत नाही. “चालतच जाऊ, गार आहे हवा,” म्हणाली. कन्व्हेन्शन सेंटरच्या मागे आलो आणि ती कुंपणापाशी थांबली.

“अगं, ते समोरच दिसतंय ना?”

“हो.”

“मग असं उलटं कुठे चाललीस?”

मी तिला सांगितलं की ओलांडायची जागा तिकडे पुढे आहे, आधी रॅम्पच्या कडेने जायचं, मग खाली, मग पुन्हा वर. ती काही बोलली नाही. पर्स खांद्यावर सारखी केली आणि चालायला लागली. जिन्यापाशी मात्र एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, कठड्याला धरून उतरताना म्हणाली, “इथल्या म्हाताऱ्या बायका कशा जात असतील गं?”

जात असतात, बघितलंय मी. भाजीची चाकांची पिशवी पायऱ्यांवरून धडधडत ओढत जातात. गाडीला त्या ठिकाणी एक सेकंदही थांबावं लागत नाही. सगळा वळसा आणि सगळी चढउतर चालणाऱ्याच्या वाट्याला येते. वाहतुकीच्या नकाशावर ही ओलांडणी ‘उपलब्ध’ म्हणून दाखवलेली असते. सत्तरीच्या गुडघ्याला ती उपलब्ध नाही.

पलीकडे शुइवेईत शिरलो आणि आईचा चेहराच बदलला. इथल्या इमारतींना ‘हस्तांदोलन इमारती’ म्हणतात, कारण दोन घरांतले लोक खिडकीतून हात मिळवू शकतील इतक्या त्या जवळ असतात. शहर वाढलं तेव्हा शेतं सरकारने घेतली, पण घरांच्या जागा गावकऱ्यांकडे राहिल्या. त्यावर त्यांनी सहा-सात-आठ मजले चढवले आणि बाहेरून कामाला आलेल्यांना खोल्या भाड्याने दिल्या. कुठल्याही नगररचनाकाराने या गल्ल्या आखल्या नाहीत. तळमजल्याला न्हावी, किल्ल्या बनवणारा, धोबी, औषधाचं दुकान, तांदळाच्या पिठाचे वाफाळते रोल विकणारी बाई. आईने त्या बाईशी खुणांनी बोलून दोन रोल घेतले, एकात अंडं घालू नको हेसुद्धा समजावलं. तासभर आम्ही हिंडलो आणि गुडघ्यांचा विषय निघाला नाही.

मी या गल्ल्यांचं नुसतं कौतुक करणार नाही. खालच्या मजल्यांवर दुपारी बाराला दिवा लावावा लागतो. अग्निशमनची गाडी आत शिरत नाही. डोक्यावर वायरींची जाळी. डिलिव्हरीवाल्यांच्या ई-बाईक कोपऱ्यावरून अशा येतात की मुलाचा हात सोडवत नाही. पण या अडचणींवर उपाय निघतात, आणि शुइवेईतच ते दिसतं: अशा २९ इमारती न पाडता दुरुस्त करून त्यांत ५०४ छोटी घरं केली, मधल्या फटीत लिफ्ट बसवल्या, वरच्या मजल्यांवर इमारतींना जोडणारे पूल टाकले. भाडं आधीच्यापेक्षा वेगळ्या लोकांना परवडणारं झालं, हे दुःख आहेच. तरी गल्ली राहिली, खालची दुकानं राहिली. बायशिझोऊ या शहरातल्या दुसऱ्या जुन्या गावाचं तसं झालं नाही. तिथे सुमारे दीड लाख माणसं राहत असत असं सांगतात. २०१९ मध्ये भाडेकरूंना निघायला सांगण्यात आलं, मग पाडापाडी, आणि त्या जागी मनोरे. नव्या घरांना उजेड भरपूर मिळेल. त्या दीड लाखांतली कितीतरी माणसं कामाला चालत जात होती. आता ती कुठून, कितीदा गाडी बदलून येत असतील, हे मला सारखं वाटत राहतं.

शहराला हे कळत नाही असं नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने शहरांसाठी नवी दिशा दिली: अरुंद रस्ते, दाट जाळं, दर चौरस किलोमीटरला आठ किलोमीटर रस्ता, आणि नव्या वसाहती कुंपणात बंद करायच्या नाहीत. २०२१ मध्ये ५०० मीटरहून उंच नव्या इमारतींना बंदी आली. त्याच वर्षी १८ मे रोजी हुआचियांगबेईची सेग प्लाझा इमारत साध्या वाऱ्यात हलायला लागली होती. कारण गच्चीवरचा उंच मास्ट, म्हणजे खांब. वाऱ्याच्या भोवऱ्यांनी तो एका लयीत थरथरला आणि खालच्या इमारतीने ती लय पकडली. मास्ट उतरवला. त्या दिवशी हजारो लोक बाहेर धावले, आणि धावायला त्यांच्यासमोर मोकळी जागा होती, कारण हुआचियांगबेईचा मुख्य रस्ता २०१७ पासून फक्त चालणाऱ्यांचा आहे. मेट्रोच्या खोदकामासाठी तो काही वर्षं बंद होता. काम संपल्यावर गाड्या परत आणायच्या नाहीत असं ठरलं. एवढा एक निर्णय मला कुठल्याही टॉवरइतकाच मोठा वाटतो.

मुंबईत लोअर परळला गेले की याच्या उलट बघायला मिळतं. गिरण्यांच्या जागेवरचे टॉवर आहेत, पण त्यांचे पहिले कितीतरी मजले पार्किंगचे. फुटपाथवरून दिसते ती पोडियमची, म्हणजे टॉवरखालच्या रुंद चौथऱ्याची भिंत, गेट आणि वॉचमनची खुर्ची. उंची आपण घेतली, ओसरी घेतली नाही. आमच्या धंद्यातली माणसं मला विचारतात की तिकडची काच कुठली, ग्लेझिंग कसलं. मी ते सांगते, आणि तळमजल्याचा नकाशाही पाठवते.

कामाच्या बैठकीत मी आता एक प्रश्न न चुकता विचारते: मेट्रोतून बाहेर आलेला माणूस या इमारतीच्या दारापर्यंत किती पायऱ्या चढतो-उतरतो? आधी शांतता पसरते, मग कुणीतरी नकाशा उलगडतो. एकदा त्यातून एक रॅम्प निघाला, एकदा एक दार रस्त्याच्या बाजूला फिरवलं गेलं. कर्टन वॉलच्या माणसाचं हे काम नाही, असंही ऐकवलं गेलं. पण दार माझ्याच भिंतीत असतं.

तुमच्यापैकी कुणी मालाच्या कामाने शेनझेनला येणार असाल, तर एक संध्याकाळ राखून ठेवा. पिंग आनच्या पायथ्यापासून निघा, दोन बगीच्यांमधून जा, नांदरुकाच्या जातीची झाडं आहेत त्यांच्या खालून. मग कन्व्हेन्शन सेंटरची कड, बिनह ओलांडा आणि शुइवेईत शिरा. तिथे १३६८ नावाचा रस्ता आहे, गावाच्या स्थापनेच्या सालावरून ठेवलेलं नाव. जेवण तिथेच करा. सपाट बूट घाला, बाटलीत पाणी घ्या, आणि सोबत वयस्क कुणी असेल तर बिनहच्या जिन्यासाठी जास्तीचा वेळ धरा.