विहीणबाईंची शिदोरी

आमच्या विहीणबाईंचं मनगट ऑक्टोबरच्या शेवटी मोडलं. दारातल्या पायरीवर ओली पानं पडली होती, त्यावरून पाय घसरला आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. लेकीच्या लग्नाला सहा वर्षं झाली, आणि सहाही वर्षं थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे इथे अमेरिकेतल्या आभार मानण्याच्या सणाचं, जेवण त्यांच्याकडेच. मी फोनवर बोलता बोलता म्हणून गेले, "यंदा सगळे आमच्याकडे या." फोन ठेवला आणि कालनिर्णय बघितलं. सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे यंदा २७ तारखेला. आणि तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार.

२०२२ सालीही असाच योग आला होता. पण तेव्हा टर्की, म्हणजे या सणाला अख्खा भाजतात तो कोंबडीसारखा मोठा पक्षी, त्यांच्या घरात होती आणि मी उपवासाला चालेल तेवढंच ताटात घेतलं होतं. माझ्या स्वयंपाकघरात मात्र मार्गशीर्षातल्या गुरुवारी कधी अंडंही शिजलेलं नाही. दोन दिवस मला चैन पडेना. शेवटी कोल्हापूरला आईला फोन केला. ती म्हणाली, "घट वरच्या खोलीत मांड. तू खाऊ नकोस. पण विहिणीचा हात मोडलाय आणि तिचा सण आहे, तिच्या माणसांना उपाशी ठेवू नकोस." मग मी मागे-पुढे पाहिलं नाही.

दहा माणसांसाठी सोळा पौंडांची, म्हणजे जवळजवळ सव्वासात किलोंची गोठवलेली टर्की सोमवारी संध्याकाळी आणली आणि फ्रिजमध्ये ठेवली. चूक इथेच झाली. फ्रिजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो, म्हणजे ती शनिवारीच आत जायला हवी होती. बुधवारी रात्री हात लावून पाहिला तर वरून मऊ, आतून दगड. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. विहीणबाईंना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं, "गरम पाण्यात मुळीच टाकू नका. पहाटे उठून पिशवीसकट गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाला पाणी बदला." गरम पाण्यात वरचं मांस कोमट होऊन खराब व्हायला लागतं आणि आतला बर्फ तसाच राहतो, हेही त्यांनीच समजावलं. रात्री टाकू नका, कारण अशी सुटलेली टर्की लगेच शिजवावी लागते.

पहाटे चारला उठले. अंघोळ करून वर घट मांडला आणि खाली येऊन मोठ्या बादलीत टर्की बुडवली. साडेचार, पाच, साडेपाच... आठपर्यंत पाणी बदलत होते. मधल्या वेळात कहाणीची पोथी काढून ठेवली, खिचडीसाठी साबुदाणा भिजवला. आठला पोटात हात घातला तेव्हा मान आणि काळीज-पेट्याची कागदी पिशवी सुटून हातात आली. मान पाण्यात उकळत ठेवली, ग्रेव्हीसाठी. टर्की पुसून, लोणी आणि मीठ-मिरी चोळून नऊला ३२५ अंश फॅरनहाइटवर ओव्हनमध्ये गेली.

चव मला घेता येणार नव्हती. लेक मिठाची परीक्षक झाली. टर्की झाली की नाही हे थर्मामीटरच सांगणार होता. तिच्या छातीत प्लास्टिकची एक खूणकांडी बसवलेली असते, शिजलं की वर उडी मारते. तिच्यावर भरवसा ठेवू नका, असं विहीणबाईंनी बजावलं होतं. खरंच, साडेबाराला कांडी वर आली तेव्हा छाती १६६ वर होती आणि मांडी १५१ वर. दोन्हीकडे १६५ हवं, म्हणजे ७४ सेल्सियस. छातीवर फॉइल झाकून आणखी पाऊण तास ठेवली. ग्रेव्ही मात्र मला अवघड गेली नाही. ट्रेमधल्या चरबीत मैदा परतून मानेचं पाणी थोडं थोडं घालत ढवळायचं. पिठल्यात गुठळी होऊ न देणारा हात इथे कामी आला.

बाकीचं सगळ्यांनी आणलं. जावयाला क्रॅनबेरी सॉस डब्यातलाच लागतो. डब्याच्या कड्या उमटलेला तो लाल गोळा आडवा कापायचा. इथून तासाभरावर क्रॅनबेरीची शेती आहे, ताजी फळं ढिगांनी मिळतात, पण लहानपणची चव ती लहानपणची चव.

जेवायला बसण्याआधी आमचे व्याही दरवर्षी दोन वाक्यं बोलतात. ते इतिहासाचे शिक्षक होते. १६२१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला नव्याने आलेल्या इंग्रजांबरोबर तीन दिवस जेवलेले वाम्पानोआग, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, ही भूमी कोणाची होती ते जाणत होते. त्यांचे वंशज १९७० पासून याच दिवशी प्लिमथच्या कोल्स हिलवर जमून शोक पाळतात. हे सांगून ते थोडा वेळ गप्प राहतात, मग एकेक जण आपण कशासाठी आभारी आहोत ते सांगतो. विहीणबाई म्हणाल्या, "मी आज पहिल्यांदाच गरम जेवतेय." इतकी वर्षं सगळ्यांना वाढून होईस्तोवर त्यांचं ताट गार होत होतं. माझ्या पोटात गलबललं. आपल्याकडच्या किती बायका आठवल्या!

आता डब्यांविषयी. लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या थँक्सगिव्हिंगला निघताना विहीणबाईंनी माझ्या हातात दह्याचे धुतलेले चार डबे दिले होते. त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर माझं नाव. आत टर्की, बटाटे, स्टफिंग (पावाच्या तुकड्यांचं मसालेदार सारण). मला ते लागलं होतं. पाहुण्याला शिळं द्यायचं? विहिणीला? घरी आल्यावर नवऱ्याला बोलूनही दाखवलं. दुसऱ्या वर्षी कळलं की त्या वर्षभर डबे साठवतात, प्रत्येकाला काय आवडतं ते लक्षात ठेवून भरतात आणि डबा मिळाला नाही तर पोरं रुसतात. माहेरून निघताना आई जी शिदोरी बांधून देते, ती ही होती. तो पहिल्या वर्षीचा राग मी मनातून काढून टाकला, पण त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

यंदा डबे त्या घरून घेऊन आल्या. पानं उचलल्यावर मी गप्पांत रमले, तर त्यांची नजर घड्याळावर. दोन तासांच्या आत सगळं फ्रिजमध्ये गेलं पाहिजे आणि तीन-चार दिवसांत संपलं पाहिजे. त्या डाव्या हाताने दाखवत होत्या, मी भरत होते. माझ्या नावाचाही डबा त्यांनी माझ्याकडूनच भरून घेतला. संध्याकाळी आरती झाली, उपवास सुटला. माझी टर्की मी शुक्रवारी दुपारी पहिल्यांदा चाखली, पावात घालून, वर क्रॅनबेरी सॉस. छाती जराशी कोरडी, मांडी सुरेख.

हाडांचा सांगाडा शुक्रवारी रात्री कांदा, आलं, लसूण घालून चार तास उकळला. कोल्हापुरात मटणाच्या अशा पाण्याला आम्ही अळणी म्हणतो. रविवारी त्यात खसखस, तीळ आणि काजूचं वाटण, नारळाचं दूध, लवंग, दालचिनी, वेलदोडे घालून पांढरा रस्सा केला. मटणाची सर नाही, पण अंगाला लागणारा रस्सा झाला. विहीणबाईंच्याच डब्यात भरला. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत.

त्यांनी उभ्या उभ्या कप तोंडाला लावला, संपवला, दुसरा मागितला. तेव्हा मी त्यांना पहिल्या वर्षीच्या डब्यांची गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "त्या वर्षी मी सर्वांत चांगले तुकडे तुमच्या डब्यात घातले होते." मग खणातून पाककृती लिहायचं कोरं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं, त्यांच्या आईच्या स्टफिंगची कृती लिहिलेलं आहे तसंच. मी रस्सा लिहून दिला. खसखशीपुढे लिहिलं, तुमच्याकडची निळी-काळी घालू नका, रस्सा करडा होईल. पांढरी हवी.

बुधवारी पांढऱ्या खसखशीची पुडी त्यांच्याकडे पोहोचवली.