टर्नटेबलची मोटर आणि उतरलेली पट्टी

अमेरिकेतून कुणी जुना बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल (मोटर रबरी पट्ट्याने तबकडी फिरवते असा रेकॉर्ड प्लेअर) आणला की आधी ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर शोधतात, पण खरी गोची व्होल्टेजची नाहीच. जुन्या एसी सिंक्रोनस मोटरचा स्पीड विजेच्या लाइनच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो, तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०, आणि ट्रान्सफॉर्मर फ्रिक्वेन्सी बदलत नाही, त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड फिरते साधारण २७.८ ने आणि काळी एकमध्ये गाणारी बाई थेट काळी पाचला उतरते! उपाय म्हणजे मोटरवर ५० हर्ट्झची थोडी मोठी पुली, म्हणजे बेल्ट फिरवणारं छोटं चाक.

बेल्टचा फायदा मात्र खराच, मोटरची थरथर रबरातच मुरते. गॅरार्ड ३०१ सारख्या टर्नटेबलमध्ये रबरी चाक प्लॅटरला, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या तबकडीला, घासून फिरवतं, जोर जबरदस्त पण चाक कडक झालं की घरघर ऐकू येते. टेक्निक्सने १९७० मध्ये एसपी-१० काढून प्लॅटर सरळ मोटरवरच बसवला. या डायरेक्ट ड्राइव्हला लोक उगाच डीजेवाल्यांचं म्हणून नाक मुरडतात, पण टेक्निक्सचाच एसएल-१२०० एमके२ क्वार्ट्झ लॉक्ड आहे, म्हणजे स्पीड क्वार्ट्झ क्रिस्टलच्या ठोक्याला बांधलेला, वॉव-फ्लटर (स्पीडचं डुलणं) ०.०२५ टक्के! बेल्ट ढिला पडलेल्या मशीनवर तानपुरा लावून बघा, सूर कसा डुलतो ते लगेच कळेल.