चोलुला ते पासो दे कोर्तेस: पुएब्लाच्या बाजूने अजिबात जाऊ नका

आधीच सांगून टाकते. १५१९ साली मेक्सिको जिंकायला निघालेला स्पॅनिश एर्नान कोर्तेस ज्या खिंडीतून मेक्सिकोच्या खोऱ्यात उतरला ती खिंड, म्हणजे पासो दे कोर्तेस, बघायची असेल तर मेक्सिको सिटीच्या बाजूच्या अमेकामेका गावाकडून जा, पुएब्लाच्या बाजूच्या चोलुलाकडून नको. एवढंच वाचून टॅब बंद केलात तरी तुमचे पैसे आणि गुडघे दोन्ही वाचतील.

आम्ही चोलुलाकडून गेलो कारण आमचा दादा. तो ह्यूस्टनला असतो, दोन वर्षं कोर्तेसवरची पुस्तकं वाचतोय आणि त्याचं म्हणणं, कोर्तेस ज्या दिशेने आला त्याच दिशेने जायचं, नाहीतर काय मजा. वहिनी शहाणी, ती पुएब्लाच्या हॉटेलात थांबली. पुएब्लातले आधीचे दोन दिवस छान गेले, मोले खाल्लं, चर्चं बघितली, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

चोलुलाचा पिरॅमिड घनफळाने जगातला सगळ्यात मोठा, पण समोर उभं राहिलं तरी ओळखू येत नाही, गवत उगवलेली टेकडीच वाटते. पायथ्याची एक बाजू साधारण ४०० मीटर आणि माथ्यावर स्पॅनिशांनी बांधलेलं चर्च. सिंहगडाची सवय असेल तर चपलेवर चढाल. वर जायचं ते पश्चिमेला पोपोकातेपेत्ल हा ज्वालामुखी धूर सोडताना दिसतो म्हणून. याच गावात ऑक्टोबर १५१९ मध्ये कोर्तेसने कत्तल केली आणि स्पेनच्या राजाला पत्रात स्वतःच लिहिलं की दोन तासांत तीन हजारांवर माणसं मेली. मग त्याच्या बाजूने असलेल्या त्लाश्काला राज्याचे हजारो लढवय्ये बरोबर घेऊन तो दोन ज्वालामुखींमधल्या खिंडीकडे निघाला. खाली चौकात हे सगळं घडलं आणि आता तिथे मुलं फुगे घेऊन पळत असतात, दादा बराच वेळ नुसता बघत बसला होता.

आता गाडीचं. चोलुलात एका टॅक्सीवाल्याशी ९०० पेसो ठरले, थेट खिंडीपर्यंत. रस्ता कसा आहे विचारलं तर म्हणे मस्त आहे. शालित्सिन्त्ला हे शेवटचं मोठं गाव, तिथपर्यंत खरंच मस्त होता. या गावात पोपोकातेपेत्लला "डॉन गोयो" म्हणतात, म्हणजे आपल्याकडे ग्रेगोरिओराव म्हटल्यासारखं, आणि १२ मार्चला संत ग्रेगोरीच्या दिवशी त्याचा वाढदिवस म्हणून वर नैवेद्य घेऊन जातात. ही गोष्ट टॅक्सीवाल्यानेच रंगवून सांगितली, मला तो आवडायलाच लागला होता. गावाच्या पुढे डांबर संपलं, गाडी दोनदा रुतली आणि मग साहेबांनी हात वर केले. म्हणे इथून चाला, तासाभराचंच आहे. वर पैसे देताना कळलं की ९०० हे पोर पेर्सोना, म्हणजे माणशी. दादाने भांडून १४०० वर आणलं. त्यामुळे भाव ठरवताना "पोर तोदोस", म्हणजे सगळ्यांचे मिळून, हे त्याच्या तोंडून वदवून घ्या आणि फोनवर आकडा टाइप करून दाखवा. मान डोलावली म्हणजे ठरलं असं समजू नका.

तो तासाभराचा रस्ता आम्हाला तीन तास चाळीस मिनिटं पुरला. फोनवर साडेनऊ किलोमीटर दिसत होते आणि मी म्हटलं त्यात काय, आपण राजगड-तोरणा केलेला आहे. पण तो रस्ता म्हणजे राख आहे. अलिबागच्या किनाऱ्यावरची कोरडी वाळू कुणीतरी डोंगरावर उभी करून ठेवावी तशी, पाऊल टाकलं की अर्धं मागे. आपला घसारा निदान दगडाचा असतो, कुठेतरी बूट अडकतो, इथे काहीच अडकत नाही. त्यात उंची. कळसूबाई १६४६ मीटर आणि ही खिंड ३६०० च्या पुढे, म्हणजे दुपटीहून जास्त, वीस पावलं टाकली की थांबायचं. मधेच वारा फिरला आणि दाताखाली कचकच यायला लागली, तेव्हा कळलं की डॉन गोयोने शिंक दिली. मास्क बॅगेत होता, बॅग पुएब्लात होती. एक जीप वरून खाली गेली, वर जाणारी एकही नाही. दादा मधेमधे इतिहास सांगत होता, मी दोनदा गप्प बस म्हटलं.

तरी एक गोष्ट ऐकली ती सांगते. कोर्तेसबरोबरचा सैनिक बर्नाल दियास याने म्हातारपणी लिहून ठेवलंय की खिंडीच्या वर दोन रस्ते होते, एक झाडूनपुसून साफ केलेला आणि दुसरा झाडं तोडून आडवी टाकून बंद केलेला. कोर्तेसला संशय आला, त्याने बंद केलेलाच घेतला. आम्हाला कुणी मस्त आहे म्हणालं आणि आम्ही गाडीत बसलो, हा फरक. याच मोहिमेत कोर्तेसचा सरदार दिएगो दे ओर्दास पोपोवर, म्हणजे पोपोकातेपेत्लवर, चढला आणि पुढे राजाकडून मानचिन्हात ज्वालामुखी मिळवला. अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडल्यावर बंदुकीची दारू बनवायला गंधक हवं म्हणून मोंतान्यो नावाच्या माणसाला विवरात खाली सोडलं होतं. मला साधं पाणी हवं होतं आणि ते संपलं होतं.

खिंडीत पोचलो तेव्हा मात्र, काय सांगू, मी रडले. डावीकडे पोपो, उजवीकडे इस्ताक्सिउआत्ल, ५२०० मीटरच्या वरचा डोंगर, आडवी झोपलेली बाई खरंच दिसते, डोकं, छाती, गुडघे. दंतकथेत तिचा योद्धा लढाईवर असताना कुणीतरी खोटंच सांगतं की तो मेला आणि ती धक्क्याने जाते, तो परत येऊन तिच्या शेजारी मशाल घेऊन बसतो, तोच पोपो. म्हणजे या भागात थापा मारायची परंपरा बरीच जुनी आहे. त्या क्षणी मला वाटलं सगळ्यांनी चालतच यावं. रात्री पाय बघितले तेव्हा मत बदललं.

आता कामाचं. मेक्सिको सिटीत तापो बस टर्मिनलवरून, मेट्रो सान लासारो, अमेकामेकाला जाणाऱ्या बस सतत असतात. तिथून खिंडीपर्यंत डांबरी रस्ता आहे पण नेमाने जाणारी बस नाही, टॅक्सी करावी लागते आणि ती परतीसाठी थांबणार का हे चढायच्या आधी ठरवा, नाहीतर वीसेक किलोमीटर उतार पायी. शनिवार-रविवारीच जा, तेव्हा इस्ताक्सिउआत्ल चढणाऱ्यांच्या गाड्या ला होयाकडे, म्हणजे चढाई सुरू होते त्या जागेकडे, जात असतात, आम्हाला उतरताना अशीच एक मिळाली आणि त्या पोरांनी एक पेसो घेतला नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या ऑफिसात रोख पैसे देऊन कागदी पट्टा मनगटाला बांधून घ्यायचा, आमच्या वेळी शंभर पेसोच्या आत होता. शंभरच्या नव्या नोटेवर जी जोगीण आहे ती सोर हुआना, १७ व्या शतकातली कवयित्री, तिचं लहानपण याच अमेकामेकाजवळ गेलं, बसला वेळ असेल तर चौकशी करा.

पोपो १९९४ च्या डिसेंबरपासून जागा आहे, विवराभोवती १२ किलोमीटरची बंदी आहे आणि खिंडीतला रस्ता त्या आतच येतो, फक्त नियंत्रण ठेवून सोडतात. सेनाप्रेद या मेक्सिकोच्या सरकारी आपत्ती-निवारण केंद्राचा रोजचा अहवाल सकाळी बघितल्याशिवाय निघू नका. पावसाळ्यात म्हणजे मे ते ऑक्टोबर दुपारनंतर वर थांबू नका. आणि विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी इथे येऊ नका, मेक्सिको सिटी स्वतःच २२४० मीटरवर आहे, तिथे दोन-तीन दिवस काढा. व्हिसाचं म्हणाल तर मी चालू असलेल्या अमेरिकन व्हिसावर गेले, वेगळा मेक्सिकन लागला नाही, पण तिकीट काढायच्या आधी नियम परत तपासा.

दादाला शेवट पण कोर्तेससारखाच हवा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी मेक्सिको सिटीत लंगडत पिनो सुआरेस मेट्रोला उतरलो. तिकीट पाच पेसो, ट्रिपमधला एकमेव प्रामाणिक भाव. स्टेशनच्या आतच एहेकात्ल या वाऱ्याच्या देवाचं गोल देवळाचं जोतं आहे, मेट्रो खणताना सापडलेलं, लोक त्याच्या बाजूने ऑफिसला पळतात. वर रस्त्यावर आलं की ८ नोव्हेंबर १५१९ ला जिथे कोर्तेस आणि अझ्टेकांचा राजा मोक्तेसुमा समोरासमोर आले ती जागा, आता तिथे मोबाइल कव्हरवाले बसलेत. शेजारी कोर्तेसने स्वतः काढलेलं हॉस्पिटल, अजून चालू आहे, आणि त्याला लागून चर्च.

चर्चमध्ये कोर्तेसचं थडगं शोधायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली. १८२३ मध्ये लोक अस्थी उकरून काढतील या भीतीने लपवल्या होत्या, त्या १९४६ मध्ये सापडल्या. वेदीच्या डाव्या भिंतीवर एक पाटी, नाव आणि १४८५-१५४७, बस. अख्ख्या देशात त्याचं नाव मोठ्या अक्षरात दिसलं ते खिंडीच्या बोर्डावर. दादा पाटीसमोर उभा राहिला, मी मागच्या बाकावर बसून बूट काढला आणि झटकला तर चर्चच्या फरशीवर काळी राख पडली. झाडूवाल्या काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी "पेर्दोन" म्हटलं आणि रुमालाने पुसून घेतली.