तिखट किती आहे ओ?

मी वेबसाईट डिझाईनची कामं घेते, एकटीच. मागच्या फेब्रुवारीत लालबागच्या एका मसालेवाल्या काकांचं काम आलं. दुकान जुनं, गिऱ्हाईक भरपूर, पण वेबसाईटवर लोक यायचे, बघायचे आणि ऑर्डर न करताच जायचे. काका म्हणाले, ताई, मार्च लागला की वर्षाच्या मसाल्याची गर्दी सुरू होते, त्याआधी नवीन साईट पाहिजे. युजर रिसर्चसाठी, म्हणजे गिऱ्हाईक साईट कशी वापरतं ते बघण्यासाठी, थोडे पैसे ठेवूया का विचारलं तर म्हणाले, ते कशाला, गिऱ्हाईक काय बघतं ते मला विचारा ना.

तोपर्यंत मी होमपेज करून ठेवलं होतं. मोठा बॅनर, लाल मिरच्यांचा फोटो, खाली केशरी बटण. अॅनालिटिक्समध्ये, म्हणजे साईटवर कोण कुठल्या पानावर गेलं त्याच्या नोंदीत, दिसत होतं की बरेच जण मालवणी मसाल्याच्या पानावरूनच परत फिरतात आणि उरलेल्यातले बरेच पत्त्याच्या फॉर्मवर गळतात. पण लोक कुठून गेले एवढंच ते सांगतं, का गेले ते नाही. म्हणून काकांना म्हटलं, पैसे राहू देत, मला एक दिवस गल्ल्याशेजारी बसू द्या.

शनिवारी सकाळी करी रोडला उतरून चालत गेले. त्या गल्लीत शिरलं की आधी ठसका लागतो, मसाला कुटायचे डंक चालू असतात, बायका पिशव्यांमधून वाळवलेल्या मिरच्या घेऊन रांगेत. मी वही घेऊन दुकानाच्या फोनशेजारी बसले आणि पहिल्या दोन तासांतच माझा बॅनर मनातून उतरला. कारण फोन करणारे जवळजवळ सगळे एकच विचारत होते, "साईटवर बघितलं, पण तिखट किती आहे ओ?"

साईटवर ते होतं की! पाचपैकी चार मिरच्या लाल रंगवलेल्या. पण चार मिरच्या म्हणजे कोणाच्या घरातलं तिखट? काका फोनवर काय सांगतात ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं, "यात बेडगी जास्त आहे, रंगाला, लवंगी थोडीच. घरात लहान मुलं असतील तर हाच न्या. संकेश्वरीवाला नेलात तर अर्धा चमचा कमी टाका." असं एक वाक्य ऐकलं की समोरचा लगेच ऑर्डर द्यायचा, आणि नेमकं तेच साईटवर कुठेच नव्हतं. मग पुढचे प्रश्न, मीठ घातलंय का, कधी कुटलाय, चार माणसांना एक किलो किती महिने जाईल.

दुपारी दुकानात आलेल्या पाच जणींना विनंती केली की तुमच्याच फोनवरून ऑर्डर करून दाखवा, मी काही बोलणार नाही, नुसती बघेन. काकांनी प्रत्येकीला पाव किलो हळद द्यायचं कबूल केलं. त्यातल्या सातरस्त्याच्या एक मावशी मी विसरूच शकत नाही. मसाला बरोबर निवडला त्यांनी, पुढे फॉर्ममध्ये 'फ्लॅट नंबर' आला तिथे थांबल्या. म्हणाल्या, "आमची खोली आहे, फ्लॅट नाही." मग खोली नंबर, मजला, चाळीचं नाव, शाळेच्या मागे, सगळं एकाच रकान्यात लिहिलं तर तो लाल झाला, अक्षरं जास्त झाली म्हणून. तरी चिकाटीने परत लिहिलं. मग ओटीपी आला, तो बघायला मेसेजमध्ये गेल्या, पेन मागून तळहातावर आकडे लिहून घेतले, परत आल्या तर पान नव्याने उघडलेलं आणि अख्खा फॉर्म कोरा. फोनची मेमरी कमी असली की ब्राउझर मागे राहिलेलं पान टाकून देतो, आपण परत गेलो की ते पहिल्यापासून लोड होतं. मावशी हळूच म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल." मला फार वाईट वाटलं. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं, चुकलं होतं ते फॉर्म बनवणाऱ्यांचं.

बाकीच्यांपैकी दोघी डिलिव्हरीचा खर्च शेवटच्या पानावर अचानक दिसला म्हणून थांबल्या.

संध्याकाळी काकांनी रास्त प्रश्न विचारला, पाच जणींवरून अख्खी साईट बदलायची? त्यांना सांगितलं की वेबसाईट वापरायला सोप्या कशा करायच्या याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी 2000 साली हाच हिशोब मांडला होता, एक माणूस साधारण 31 टक्के अडचणी दाखवून देतो आणि पाच जण मिळून 85 टक्क्यांच्या आसपास. पण त्यातून लोक कुठे अडखळतात ते कळतं, शंभरातले किती अडखळतात ते कळत नाही, आणि पाचही जण खरं गिऱ्हाईकच असायला हवेत, माझ्या ऑफिसवाल्या मैत्रिणी चालणार नाहीत.

मग बॅनर काढला. प्रत्येक मसाल्याखाली काकांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत, मिरच्यांची नावं, मीठ आहे की नाही, कुटल्याची तारीख. पिनकोड सगळ्यात आधी आणि खर्च तिथल्या तिथे. पत्त्याला एकच मोठा चौकोन, आणि लिहिलेलं फोनमध्येच साठवून ठेवायचं म्हणजे पान पुन्हा उघडलं तरी जात नाही. दुकानाचा नंबर मोठ्या अक्षरात वर, कारण फोनवरून आलेली ऑर्डर हीसुद्धा ऑर्डरच आहे.

मार्चमध्ये साईट सुरू झाली, ऑर्डरी वाढल्या, काका खूश. पण मी त्यांना स्पष्ट सांगितलं की यातलं बरंचसं सीझनचं आहे, ते माझ्या नावावर लावू नका. जुनी-नवी साईट निम्म्या-निम्म्या लोकांना दाखवून ताडून बघावी तर एवढ्या कमी येण्याजाण्यात महिनोन्महिने लागले असते. म्हणून एकच गोष्ट धरली, फॉर्म उघडणाऱ्यांपैकी तो पूर्ण किती जण करतात. ते प्रमाण वाढलं होतं, पण सीझनमध्ये माणूस घ्यायचंच ठरवून येतो म्हणून मी पावसाळ्यापर्यंत थांबले. जुलैत गिऱ्हाईक कमी झालं तरी ते प्रमाण फेब्रुवारीपेक्षा वरच होतं, तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

एक किलो किती महिने जाईल याचं उत्तर मात्र साईटवर अजून नाही. काकांना विचारलं तर म्हणतात, ते घरात मासे आठवड्यातून किती वेळा होतात त्यावर आहे. आता तोच प्रश्न पानावर विचारायचा का, यावर आमचं बोलणं चालू आहे.