बाविसाव्या मिनिटानंतर

कॅसेट हातात आली की मी ती आधी ऐकत नाही, बघतो. ही सवय डोंबिवलीची. गुंता झाला की पेन्सिल, टेप वाचणारं हेड मळलं की कापसाचा बोळा आणि कोलन, एवढ्या सामग्रीवर आमच्या घरचा टेपरेकॉर्डर पंधरा वर्षं चालला. आता न्यू जर्सीतल्या एका लहानशा स्टुडिओत जुन्या टेप डिजिटल करून देणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. कोलनची जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने घेतली, बाकी फारसं बदललेलं नाही.

त्या दिवशी टेबलावर आली ती टीडीके एसए ६०, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटांची कॅसेट. आणणारे गृहस्थ पन्नाशीचे, हिप-हॉपच्या दुर्मिळ रेकॉर्डिंगचे संग्राहक. लेबलवर बॉलपेनने न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका रॅप जोडगोळीचं नाव, खाली ‘मार्च ९३’. या दोघांचा अख्खा अल्बम तयार होता आणि कंपनीने तो कधी बाजारात आणलाच नाही, असं ते सांगत होते. कॅसेटला त्यांनी चार आकडी डॉलर मोजले होते. त्यांना हवी होती उत्तम फाइल, आणि ‘ही अस्सल आहे’ असं माझं पत्र.

अल्बम अडकून पडणं या क्षेत्रात नवलाचं नाही. केएमडी या रॅप गटाचा दुसरा अल्बम ‘ब्लॅक बास्टर्ड्स’ १९९४ मध्ये मुखपृष्ठाच्या वादापायी इलेक्ट्रा कंपनीने रोखून धरला. तो रीतसर बाहेर यायला काही वर्षं गेली, आणि तोवर लोकांनी तो कॉपीच्या कॉपीवरून ऐकला. त्याच्या आधीची गोष्ट तर आणखी टोकाची. न्यूयॉर्कच्याच ब्राँक्समधल्या १५२०, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरची डीजे कूल हर्कची पार्टी, जिथून हिप-हॉप सुरू झालं असं मानतात, ती ११ ऑगस्ट १९७३ ची, आणि रॅपच्या रेकॉर्ड दुकानात येऊ लागल्या १९७९ मध्ये. मधल्या सहा वर्षांचं संगीत जे काही उरलंय ते पार्ट्यांमध्ये भरलेल्या कॅसेटींवर. आमच्या स्टुडिओचे मालक ब्राँक्सचेच. ओजे नावाच्या भाड्याच्या गाड्यांमध्ये असल्या पार्टी-टेप वाजायच्या, हे ते अजून कौतुकाने सांगतात. म्हणून कोणी मळकी कॅसेट घेऊन आलं तर आम्ही हसत नाही.

तर, बघण्याबद्दल. मागच्या कडेला ए बाजूचा टॅब, म्हणजे प्लास्टिकची छोटी चकती, मोडलेला होता. मोडलेला टॅब म्हणजे कोणीतरी ठरवलं होतं की यावर पुन्हा रेकॉर्डिंग होता कामा नये. आणि त्या भोकावर सेलोटेप चिकटवलेली. म्हणजे नंतर दुसऱ्या कोणीतरी उलट ठरवलं. सेलोटेप स्वच्छ होती. तीस वर्षांपूर्वीची असती तर पिवळी पडून तिचे पापुद्रे निघाले असते. मी वहीत नोंद केली आणि पुढे गेलो.

हेडचा कोन पेचकसाने जुळवला, टेप लावली. सात गाणी, २२ मिनिटं. गाणी झकास होती, हे कबूल करायला हवं. ढोल जड, बासची ओळ लोळत येणारी. गृहस्थ माझ्या मागच्या खुर्चीत डोळे मिटून मान हलवत होते. मी पडद्यावर स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या स्वरांचं चित्र, बघत होतो आणि माझ्या पोटात खड्डा पडत होता.

टेपची स्वतःची खरखर वरपर्यंत पसरलेली दिसत होती, अगदी १८ हजार हर्ट्झपर्यंत. पण झांजांचा आवाज १६ हजाराला भिंतीवर डोकं आपटावं तसा थांबत होता. सगळ्या गाण्यांत, बरोब्बर त्याच रेषेवर. निसर्गात किंवा टेपमध्ये अशी सरळ रेषा नसते. तिथे आवाज हळूहळू विरतो. ही कात्री १२८ केबीपीएसच्या, म्हणजे बऱ्यापैकी दाबून लहान केलेल्या, एमपी३ फाइलची. आणखी जवळून पाहिलं तर स्नेअर ड्रमच्या प्रत्येक ठोक्याच्या आधी बारीकशी धूळ, ठोका पडायच्या आधीच त्याची चाहूल. तीही एमपी३ चीच खोड. एमपी३ हे नाव १९९५ सालचं. ‘मार्च ९३’ च्या डेमोत ते येणार कुठून?

कोणीतरी इंटरनेटवरून उतरवलेली गाणी जुन्या कॅसेटवर भरली होती, आणि ती विकली होती.

मी सांगितलं. गृहस्थ आधी गप्प झाले, मग वकिली करू लागले. कदाचित रेडिओवरून रेकॉर्ड केलं असेल, रेडिओलाही मर्यादा असते की! असते, पण एफएमची रेघ १५ हजाराला असते, १६ ला नाही. आमचं हे बोलणं चालू असताना मी टेप थांबवायला विसरलो होतो. सातवं गाणं संपलं, खट्‌ झालं, पापणी लवेल एवढी कोरी शांतता, आणि एकदम शब्दाच्या मधूनच एक माणूस बोलू लागला.

रेडिओ. कुठल्यातरी कॉलेजचं स्टेशन असावं, रात्रीचा कार्यक्रम. पडद्यावर रेघ १५ हजाराच्या आसपास. वादाचं उत्तर त्याच टेपने दिलं.

ती पापणीएवढी शांतता मात्र मला त्या माणसाच्या बोलण्याहून मोलाची होती. डेकमध्ये पुसणारं हेड आधी असतं, भरणारं नंतर. रेकॉर्डिंग थांबवलं की दोन्ही हेडच्या मधला टेपचा तुकडा पुसलेला असतो, पण भरलेला नसतो. तेवढीच कोरी जागा राहते. रेकॉर्डिंग सुरू करताना उलट, तो तुकडा न पुसताच भरला जातो. रेडिओ नंतर भरला असता तर सांध्यावर आधीच्या गाण्याची कुजबुज सापडली असती. म्हणजे रेडिओ आधीचा, गाणी नंतरची. गुणगुणही वेगळी होती. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झवर गुणगुणते (आमची डोंबिवलीची ५० वर), आणि ती प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये थोडी तरी झिरपते. गाण्यांत ती बरोबर ६० वर होती, रेडिओच्या भागात ५८.८ वर. एखादा स्वस्तातला, भरताना टेप जरा वेगाने पळवणारा बूमबॉक्स, म्हणजे हातात धरायचा रेडिओ-टेपरेकॉर्डर, असणार. मी तेवढा फरक काढून टाकला आणि निवेदकाचा आवाज माणसात आला.

तो बर्फाबद्दल बोलत होता. बाहेर पडू नका, उद्या शाळा बंद, १९७८ नंतर पहिल्यांदाच. मालक बाजूच्या खोलीत सँडविच खात होते, ते तसेच उठून दारात आले. “शहाण्णव,” ते म्हणाले. “सात जानेवारी, रविवार. माझी गाडी चार दिवस सापडली नव्हती.” त्या वादळात सेंट्रल पार्कमध्ये २० इंचांहून जास्त बर्फ पडला होता.

मग कळलं की त्या रात्रीचे ठरलेले पाहुणे पोचूच शकले नव्हते. स्टेशनच्या जवळपास राहणारी तीन पोरं बर्फ तुडवत आली होती, तेव्हा त्यांनाच माइक मिळाला. सहा मिनिटं ते आळीपाळीने रॅप करत राहिले. पहिला ठीकठाक. दुसऱ्याला मध्येच ओळ आठवेना, तो हसला आणि हसण्याचंच यमक करून पुढे गेला. तिसरी मुलगी होती. आवाज बसलेला, थंडीने असेल. ती बूट ओले झाल्याबद्दल बोलली, उद्वाहनात अडकलेल्या शेजाऱ्यांबद्दल बोलली, कोणाला घाबरवायचा प्रयत्न नाही, फुशारकी नाही. मालकांचं सँडविच हातातच राहिलं. टेप संपली तेव्हा तिची ओळ अर्धी होती.

नावं? ती सुरुवातीला सांगितली असणार, म्हणजे त्या २२ मिनिटांत. अमेरिकेतल्या स्टेशनांना तासातून एकदा आपली ओळख सांगावीच लागते, पण उरलेल्या आठ मिनिटांत तास बदलला नाही. मी आशेने बी बाजू लावली. तिच्यावर त्याच सात गाण्यांची नुसती वाद्यं, आणि त्यानंतर टेप संपेपर्यंत शुद्ध कोरेपणा. तिथे त्या भामट्याने थांबवायचं बटण न दाबता रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. ए बाजूवर वेळेत थांबवलं, हा त्याचा आळस म्हणावा की घाई, मला माहीत नाही. मी त्याचा ऋणी आहे आणि त्याला शिव्याही घालतो.

गृहस्थांना शेवटच्या आठ मिनिटांत रस नव्हता. “ही पोरं कोण?” त्यांनी विचारलं. कोणाला ठाऊक नाही म्हटल्यावर त्यांनी खांदे उडवले. माझा त्यांच्यावर राग नाही, पैसे बुडालेल्या माणसाला ओले बूट कसे ऐकू येणार! विकणाऱ्याने पैसे परत द्यायचं कबूल केलं, दोन अटींवर. लेखी अहवाल, आणि कॅसेट परत.

अहवाल लिहायला मला अख्खी दुपार लागली. काय लिहिलं तरी मी त्या माणसाला शिकवणारच होतो. सोळा हजारांची रेघ लिहिली तर पुढच्या वेळी तो एमपी३ घेणार नाही. सांध्याबद्दल लिहिलं तर पुढच्या वेळी टेप शेवटपर्यंत भरत नेईल, कदाचित हीच टेप. मी फक्त सोळा हजारांची रेघ लिहिली. पैसे मिळवून द्यायला तेवढं पुरेसं होतं, पुरलंही.

गृहस्थांच्या परवानगीने ती आठ मिनिटं तीनदा उतरवून ठेवली, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. मालकांनी जुन्या ओळखीतल्या चार जणांना फोनवर ऐकवली. एकाला मुलीचा आवाज ओळखीचा वाटला, दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, नाही.

संध्याकाळी कॅसेट परत पाठवायला पाकिटात घातली. मग पुन्हा बाहेर काढली, ए बाजूच्या भोकावरची सेलोटेप नखाने सोलली, आणि पाकीट बंद केलं.