धडा बाजूला, बसच्या पाट्या आधी

आज कर्नाटकातल्या खानापूरला भावाकडे गेले होते. पुतणी पाचवीत, मराठी शाळेत. वर्गात कन्नडचा धडा वाचताना अडखळली, पोरं हसली, तेव्हापासून मोठ्याने वाचणंच सोडलंय. "मला नाही येत गं आत्त्या," एवढंच. घरचे म्हणतात, घाबरू नकोस, तू हुशार आहेस. पण नुसत्या धीराने गेलेला आत्मविश्वास परत येत नाही, असं माझं ठाम मत आहे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली हेच मांडलं: 'मला जमेल' हा भरवसा सगळ्यात पक्का होतो तो स्वतः काहीतरी जमवल्यावर.

म्हणून धडा मिटला आणि दोघी स्टँडवर गेलो, बसच्या पाट्या वाचायला. कन्नडमधले प आणि व दिसायला जवळजवळ सारखे, तिचं गाडं तिथंच अडायचं. 'खानापूर'मधल्या प कडे बराच वेळ बघत राहिली, मग दुसऱ्या बसवर 'बेळगावी'तला व शोधला. फरक तिचा तिनेच पकडला! मी शाबासकी दिली ती हुशारीला नव्हे, एवढं नेटाने बघण्याला.

उद्या धड्यातल्या दोनच ओळी, त्याही फक्त आजीसमोर. वर्गातलं वाचन नंतर. घाई करू नकोस, असं भावाला बजावून आलेय.