प्रागचा दुतोंड्या

नोव्हेंबरातलं प्राग. चार दिवसांत ऊन म्हणून पडलं नाही. भाची सकाळी ऑफिसला गेली की मी मफलर गुंडाळून पायीच निघायचे. आपल्याकडे आभाळ भरून आलं की एकदाचं कोसळून मोकळं होतं. तिथलं नुसतं बसून राहतं, आणि सव्वाचारला अंधार. फुटपाथ बर्फीच्या वडीएवढ्या चौकोनी दगडांचे, त्यांवर ओली पिवळी पानं चिकटलेली. पाय जपून टाकावा लागतो. तरी चालायला मला हीच हवा आवडली; तीन तास हिंडलं तरी दमायला होत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी व्ल्तावा नदीवरच्या चार्ल्स पुलाशी आले. १३५७ साली पायाभरणी झालेला पूल, कठड्यांवर ३० पुतळे. गर्दी सगळी पुतळ्यांपाशी. भाचीनं मात्र बजावलं होतं, "मावशी, पुलावर जायच्या आधी काठावरून खाली वाकून बघ."

वाकले. धक्क्याच्या भिंतीत एक दगडी तोंड. दाढीवाला, टक्कल पडलेला म्हातारा. त्याला ब्रादाच म्हणतात, म्हणजे दाढीवालाच. हे तोंड आधीच्या ज्युडिथ पुलावरचं असं मानतात. तो पूल १३४२ च्या पुरात गेला. जुने प्रागकर पूर याच्यावरून ओळखायचे. पाणी दाढीला लागलं की नदी काठ सोडणार, टकलापर्यंत चढलं की जुन्या चौकात होड्या चालणार.

अहो, हा तर आपला नाशिकच्या गोदावरीतला दुतोंड्या मारुती!

माझं माहेर भांडीबाजारातलं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातम्यांत सांगत, पण आमच्या घरात प्रश्न एकच : "मारुतीच्या कुठवर आलंय?" गुडघ्याला म्हटलं की वडील निवांत चहा घेत. कमरेला म्हटलं की घंगाळं, पराती, तपेली माळ्यावर चढायला लागायची. खालून एकेक भांडं वर द्यायचं काम माझं. छातीला लागलं की शेजारीपाजारी मदतीला धावायचे. २०१६ च्या ऑगस्टातल्या पुरातही फोनवर आईचं पहिलं वाक्य मारुतीचंच होतं.

प्रागलाही २००२ च्या ऑगस्टात महापूर आला, मेट्रोच्या बोगद्यांत पाणी शिरलं.

तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. प्रागमध्ये साडेतीन, नाशकात रात्रीचे आठ. दाढीवाल्याकडे तिनं बराच वेळ निरखून पाहिलं.

"याला शेंदूर नाही का गं लावत?"

"नाही आई."

"आणि पाणी कुठवर आहे आत्ता?"

फोन खाली धरून मी तिला नदी दाखवली. पाणी दाढीच्या पुष्कळ खाली, करडं, संथ.

"मग बरंय," ती म्हणाली, "आता जेवून घेते."